निर्णय-साहाय्य ॲप घडवताना डायलिसिसचे रुग्ण पहिल्या बैठकीपासून हवेत का?

मूळ मत : हिमोडायलिसिस (यंत्रातून रक्त गाळणे) घ्यावे की पोटाचे डायलिसिस (पिशवीतला द्रव पोटात सोडून शरीरातली अशुद्धी काढणे), हे ठरवण्यास मदत करणारे ॲप तज्ज्ञांनी आधी पूर्ण करावे आणि शेवटी चार रुग्णांची संमती घेऊन मोकळे व्हावे, या पद्धतीला माझा विरोध आहे. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास केंद्रात जाणे आणि घरी रोज तीन ते पाच वेळा पिशवी बदलणे, एवढी तुलना कोणताही डॉक्टर लिहून देईल. परंतु द्रवाचे खोके दोन खोल्यांच्या घरात ठेवायचे कुठे आणि केंद्र लांब असल्यास रोजंदारी किती बुडेल, हे प्रश्न रुग्णच मांडतो. ते शेवटी मांडले गेले, तर तोवर ॲपचा साचा ठरून गेलेला असतो.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ : असहमत. बैठकीला येतो तो बऱ्यापैकी सावरलेला, स्मार्टफोन सराईतपणे वापरणारा रुग्ण, आणि तो बहुधा स्वतः निवडलेल्या पद्धतीचीच बाजू घेतो. ज्याला पोटाच्या आवरणाचा संसर्ग झाला, तो त्याच धोक्याला पहिले स्थान देईल. धोक्याचे प्रमाण मात्र संशोधनातूनच यायला हवे. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात 209 चाचण्यांच्या आधारे अशा साधनांमुळे रुग्णांची माहिती वाढते असे दिसले. पण रुग्ण आरंभापासून सहभागी होते म्हणून ती वाढली, असे त्यातून सिद्ध होत नाही.

एक सून : पिशवी बदलणार कोण, हे दोघांनीही विचारले नाही. सासूबाईंच्या समोर मी नकार देणार नाही, म्हणून काळजी घेणाऱ्याचे मत ॲपने वेगळे विचारावे.

मूळ मत मांडणारा : हा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता, आणि तो घरातूनच आला. आकडे तज्ज्ञांचेच असावेत, परंतु कोणते आकडे आधी दाखवायचे, हा निव्वळ वैद्यकीय प्रश्न नाही. शिवाय 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची सुरुवात हिमोडायलिसिसपासून झाली आणि पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना 2019 मध्ये आल्या. जिल्ह्यात ती सोय नसताना ॲपने दोन समान पर्याय दाखवणे ही दिशाभूल ठरेल. बैठकीसाठी प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी, म्हणजे केवळ सावरलेलेच येतील ही अडचणही कमी होईल.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ : भाडे जरूर द्यावे. तथापि वृद्ध, अनेक व्याधींनी जर्जर रुग्णांपुढे डायलिसिस न घेता केवळ त्रास कमी करणारे उपचार घेण्याचा तिसरा पर्यायही असतो. डायलिसिसवरील रुग्ण त्यांच्या वतीने बोलू शकत नाहीत. त्यांना तुमच्या पहिल्या बैठकीत कोण आणणार?