मदत हवी आहे: चिनी निसर्गचित्रातलं ‘सत्य’ म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी. सध्या १०व्या शतकातल्या जिंग हाओ या चिनी चित्रकाराचा ‘बीफा जी’ हा छोटा ग्रंथ वाचतोय आणि एका शब्दावर अडलोय: ‘झेन’, म्हणजे सत्य (झेन बौद्ध पंथातलं ‘झेन’ नव्हे).

कथा अशी. निवेदक ताइहांग पर्वतात जुनी पाईनची झाडं पाहतो, दुसऱ्या दिवसापासून रेखाटू लागतो. म्हणतो, कित्येक दहा-हजार चित्रं काढली तेव्हा कुठे ती ‘झेन’सारखी झाली. पुढच्या वसंतात एक म्हातारा भेटतो. निवेदक बापडा त्याला सांगतो की सुंदर, हुबेहूब दिसलं की झालं. म्हातारा साफ नाही म्हणतो. ‘सी’, म्हणजे साम्य, आकार पकडतं पण ‘ची’ (प्राणतत्त्व म्हणू या) सोडून देतं. ‘झेन’मध्ये ‘ची’ आणि द्रव्य दोन्ही भरभरून असतात.

माझी अडचण इथेच आहे. हजारो चित्रं काढून जे साधलं, ते म्हाताऱ्याच्या अर्थाने सत्य होतं, की नुसतं साम्य? शब्द तर दोन्हीकडे तोच. मला वाटतं हात आधी शिकला, समज मागून आली. पण हा माझा भाबडेपणाही असेल!

दुसरं, मराठीत काय लिहावं? ‘सत्य’ म्हटलं की वेदान्त आठवतो, ‘वास्तव’ म्हटलं की फोटो. ‘अस्सलपणा’ जवळचा वाटतो, पण जरा बाजारी. ‘सत्त्व’ चालेल का?

मूळ चिनी वाचणारं कुणी आहे का इथे?