फिशटँकमधलं चिवट शेवाळ तुम्ही कसं घालवलंत? (अनुभव धागा)

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या घरात दोन फुटी टाकी आहे, पन्नास-पंचावन्न लिटरची. त्यात पाण्यातली झाडं: पुढं अनुबियस, लाकडावर जावा फर्न, मागं वॅलिस्नेरियाची रांग. मागच्या मार्चमध्ये अनुबियसच्या पानांच्या कडेला काळे केस दिसले. घाण असेल म्हणून बोटानं चोळलं, तर पान फाटलं आणि केस तसेच. महिन्याभरात लाकूड, फिल्टरचं तोंड, सगळ्यांना काळी दाढी.

यालाच बीबीए म्हणतात, म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी. दिसायला काळं, पण जात लाल शेवाळाची. मी औषधाच्या तीन बाटल्या संपवल्या. कमी व्हायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा हजर. शेवटी वहीत रोजच्या नोंदी करू लागलो, तेव्हा कुठं उलगडा झाला. झाडांना सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून मी साखर-यीस्टची बाटली लावली होती. पहिले दोन-तीन दिवस बुडबुड्यांची धार, आठवडा संपता संपता मिनिटाला एखादा. उन्हाळ्यात दुपारी बाटली तापली की पुन्हा धार. गॅस असा कमी-जास्त झाला की झाडांची वाढ अडते आणि या दाढीचं फावतं.

बाटली काढून टाकली. लाइट दहा तासांवरून सहा तासांवर आणला, टायमर लावून. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधून घेताना लेबल वाचा. 6 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी मिसळून 3 टक्क्यांचं करा. फिल्टर बंद ठेवून सिरिंजनं थेट दाढीवर सोडायचं, अगदी सावकाश. मी दिवसाला एकूण 20 मिलि वापरलं. केसाकेसाला बारीक बुडबुडे चिकटतात. पंधरा मिनिटांनी फिल्टर सुरू. तिसऱ्या दिवशी काळे केस गुलाबी झाले, नंतर पांढरे, आणि मग मॉली मासे ते ओरबाडून खायला लागले. त्याला आता आठ महिने झाले.

औषधानं आहे ते मरतं, पण येण्याची वाट बंद होत नाही. आणि आपल्याकडचं पाणी, ऊन, विजेचं जाणं-येणं, सगळंच वेगळं. म्हणून मराठवाड्यातल्या मंडळींनी इथं लिहावं ही विनंती. टाकी केवढी, पाणी कुठलं, काय जमलं आणि काय फसलं, सगळं लिहा.

मांजराकाठ, लातूर

दादा, पाण्याचा विषय काढलात म्हणून लिहितो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग आणि माझ्या घरात तीन फुटी टाकी. पाणी बदलायचं नावही काढवत नव्हतं. बहुतेक मासे सोलापूरच्या मामेभावाकडं पाठवले, आठ गप्पी ठेवले. खाणं दिवसाआड, तेही चिमूटभर. लाइट पाच तास. हायड्रिला भरपूर लावलं आणि वाढेल तसं छाटत गेलो. उडालेल्या पाण्याच्या बदल्यात तेवढे तांबे मोजून घालायचो.

त्याआधी दर रविवारी बोअरचं पाणी भरूनही केसाळ हिरवं शेवाळ जात नव्हतं, काडीला गुंडाळून काढावं लागायचं. त्या उन्हाळ्यात ते जे गेलं ते गेलंच. मासे थोडे, खाणं थोडं आणि झपाट्यानं वाढणारं झाड. शेवाळाच्या वाट्याला काही उरलंच नाही. पावसाळ्यात पहिल्यांदा पाणी बदललं, तेव्हा काढलेली बादली आईनं तुळशीला घातली. आजही आमच्याकडं तसंच चालतं.

जालन्याहून

टाकी नवी असेल आणि काचेवर तपकिरी थर धरत असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. पुसत राहा. माझा दीड महिन्यात आपोआप गेला.

गोदाकाठ, नांदेड

माझं पाणीच हिरवंगार झालं होतं, मासे दिसेनात. लाइट बंद करून टाकीवर आजीची वाकळ टाकली, चारी बाजूंनी. हवेचा पंप मात्र चालू ठेवला. तो बंद पडला तर मासे गुदमरतात. चार दिवसांनी वाकळ काढली तर पाणी काचेसारखं. निम्मं पाणी बदललं. तरी तीन आठवड्यांत पुन्हा हिरवं! पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट टाकीवर येत होतं. टाकी आतल्या भिंतीला नेली आणि मग सुटका झाली.

परभणीची ताई

दादा, तुमच्याकडं वॅलिस्नेरिया आहे म्हणून सावध करते. लिक्विड कार्बन म्हणून मिळतं त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक असतं. दुकानदारानं सांगितलं तेवढंच टाकलं, तरी शेवाळाआधी माझी वॅलिस्नेरियाच विरघळली. सकाळी पानं हातात घेतली तर शिजवलेल्या पालकासारखी. मुळं तेवढी राहू दिली होती, दोन महिन्यांनी फुटली. खरं तर आपल्या बोअरच्या जड पाण्यात या झाडाला सीओटू वेगळा द्यावा लागतच नाही. पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांमधूनही ते कार्बन घेतं.

परभणीहूनच, कृषी पदवीचा विद्यार्थी

वाळूवर निळसर-हिरवी साय धरत असेल, बोटानं उचलली की अख्खी सुटत असेल आणि मातकट वास येत असेल, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. भाताला जैविक खत म्हणून देतात त्याच कुळातले. नळीनं ओढून काढा, तीन दिवस अंधार करा आणि पाणी कुठं साचून राहतंय ते पाहा. माझ्याकडं ती साय फक्त फिल्टरचा झोत पोचत नव्हता त्या कोपऱ्यात धरायची. कुणाचं ऐकून अँटिबायोटिक टाकू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात.

धागा काढणारा

ताई, बरं झालं सांगितलंत. माझ्या तीन बाटल्यांपैकी एक तीच होती. वॅलिस्नेरिया का खंगली होती ते आज कळलं.

बीडहून

माझ्या अनुबियसवर हिरवे टणक ठिपके आहेत. काचेवरचे ब्लेडनं निघतात, पानांवरचे काही केल्या निघत नाहीत. फॉस्फेट कमी पडलं की असं होतं असं वाचून महिन्यापूर्वी खत बदललं आणि लाइट दोन तासांनी कमी केला. जुनी पानं आहेत तशीच आहेत. काल एक नवं पान उलगडलं, आज सकाळी बॅटरी मारून दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यावर अजून एकही ठिपका नाही. महिन्यानं पुन्हा कळवते.