मदत हवी आहे: नदीवर कोर्स शिकवायचा आहे, सोमवारी पहिला तास

खडूडस्टर
नमस्कार. आमच्या कॉलेजात या सेमपासून नदीवर आंतरविद्याशाखीय पेपर सुरू होतोय. प्रिन्सिपल सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि माझ्या गळ्यात घातलं. भूगोल, केमिस्ट्री, इतिहास, मराठी असे आम्ही चौघं. प्रत्येकाने आपापलं युनिट लिहून दिलं, मी ते एकाखाली एक चिकटवलं. वाचलं तर चार गाईडं एकत्र बांधल्यासारखं. नदी कुठेच नाही. कोणी असा कोर्स घेतला असेल तर सिलॅबस टाका, पीपीटी असेल तर उत्तम. तास सोमवारी आहे, "सवडीने सांगतो" नको.

कणकुंबीकर
मलप्रभा घ्या. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम, पुढे खानापूर, मग सौंदत्तीच्या अलीकडे नवलतीर्थचं धरण (३७.७३ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), आणि ३०४ किमी वाहून कूडलसंगमला कृष्णेत. शिवाय कळसा नाला कणकुंबीतच. म्हादई नदीच्या (गोव्याकडे वाहते ती) पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं ३.९ मलप्रभेत वळवायचं. भूगोल, कायदा, राजकारण, जंगल, सगळं एका गावात. अजून काय पाहिजे?

घाटावरचा
पण यांची नदी कुठली ते कळलं का कुणाला?

खडूडस्टर
मार्कंडेय. बेळगावात राहणाऱ्याला दुसरी कुठली दिसणार?

घाटावरचा
बेळगावात राहता हे तरी कुठे लिहिलं होतं? आमच्या चंदगडात, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, ताम्रपर्णी आहे. तीही शेवटी घटप्रभेलाच मिळते, तुमची मार्कंडेयही. दोन्हीकडच्या कॉलेजांनी मिळून घ्या की. नदीला कुठे माहीत आहे हद्द कुठे आहे ते.

निवृत्त_एचओडी
सर, आधी हे सांगा. मुलं किती? कुठल्या शाखेची? क्रेडिट किती? तास कुठल्या भाषेत? बसला पैसे आहेत का? हे कळल्याशिवाय सिलॅबस देणं म्हणजे माप न घेता पँट शिवणं.

खडूडस्टर
६२ मुलं, सगळी बी.कॉम.ची. २ क्रेडिट, ३० तास. माध्यम इंग्लिश, पण निम्मी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, निम्मी कन्नडात, त्यामुळे वर्गात तिन्ही चालतात. बसला पैसे नाहीत. हे सगळं सांगायला हवं होतं का?

निवृत्त_एचओडी
हो.

बाटलीवाला
केमिस्ट्रीच्या सरांना लेक्चर देऊ नका म्हणावं, विंकलर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, तपासायची पद्धत) करून दाखवा. काचेच्या बुचाची डीओ बाटली पाण्याखाली तिरकी धरून काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं. बूच लावून उलटीपालटी करा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. एक बाटली नदीची, एक बळ्ळारी नाल्याची (गावातलं सांडपाणी नेतो तो), दोन्ही शेजारी ठेवा. बी.कॉम.च्या पोरांसाठीही फळ्यावर काही लिहावं लागणार नाही. आकडा हवा असेल तर पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन. आंघोळीच्या पाण्याला लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो.

तिसरी_बेंच
बी.कॉम.च्या ६२ पोरांच्या हातात सल्फ्युरिक आम्ल? नदीकाठी?

बाटलीवाला
साका बसवायला आम्ल लागत नाही, वरचं नीट वाचा. तेवढं काठावर, बाकीचं लॅबमध्ये. अल्कली मात्र हाताला लागली तर भाजते, ग्लोव्हज घाला.

तिसरी_बेंच
त्यापेक्षा संत्रं सोडा. काठावर १० मीटर मोजा, संत्रं वाहत जायला किती सेकंद लागले ते बघा. वरचं पाणी आतल्यापेक्षा जोरात असतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. खर्च एक संत्रं.

बाटलीवाला
संत्र्याला ऑक्सिजन कळतो का?

तिसरी_बेंच
तुमच्या बाटलीला वेग कळतो का?

सीमाभाग_जिंदाबाद
सर, लिहिताना "बेळगाव" लिहिलंत, अभिनंदन. १ नोव्हेंबर २०१४ ला "बेळगावी" केलं तेव्हापासून जे चाललंय त्याबद्दल

संपादक
वरचा प्रतिसाद अर्ध्यावर कापला आहे. त्याचा धागा वेगळा आहे. इथे नदी.

शापूरचा_भातवाला
मास्तर, बळ्ळारी नाल्याचं नाव निघालं म्हणून लिव्हतो. जरा जोराचा पाऊस पडला की नाल्याचं पानी शापूर-वडगावच्या शिवारात घुसतंय. पेरल्यालं भात चार दिवस पान्याखाली, मग कुजतंय, मग परत पेरायचं. गावातलं सांडपानी, प्लॅस्टिक, दारूच्या बाटल्या, सगळं बांधावर येऊन बसतंय. फोटो काढायला सगळी येत्यात, खरं हिशेब कोन करूलाय? तुमची पोरं बी.कॉम.ची न्हवं? मग बसवा की एकेकाला एकेका शेतकऱ्याजवळ. बियानं किती, ट्रॅक्टर किती, दुसऱ्यांदा पेरलं तर किती, मजूर किती. बासमतीचं नाव सगळ्यांना ठावं हाय, एकराचा खर्च इचारा कुनाला तरी. माझ्याकडं ये म्हना, वही हाय माझी.

निवृत्त_एचओडी
हे घ्या, तुमचा सिलॅबस. भातवाल्यांनी दिला.

मुलांना येतं ते खातेवहीच. मग मार्कंडेयचीच खतावणी काढा. कोण किती नेतं आणि कोण काय टाकतं. मार्कंडेयवरच्या राकसकोप तलावाची पातळी पावसाळ्यात पेपरात येते (तलाव भरला की २४७५ फूट), ती रोज उतरवून घ्या. शहराला राकसकोपबरोबर हिडकल धरणाचंही पाणी येतं, म्हणजे घरातल्या नळाचं बिल हा दुसरा कागद. इतिहासवाल्यांना मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगावचा खंड द्या, २१ वा, १८८४ चा. त्यात नद्यांवर लिहिलंय, नेटवर फुकट आहे. आणि चौघांनी वेगवेगळे तास घेऊ नका. दोघं एका वेळी वर्गात उभे राहा. पहिले दोन आठवडे भांडाल, तेही मुलांना बघू दे.

अक्कांचा_नातू
मराठीच्या मॅडमसाठी: शब्दांची वही ठेवा. ओढ्याला कन्नडात हळ्ळ, तळ्याला केरे, नदीला होळे. आमचा एक मित्र हळ्ळ आणि हळ्ळी एकच समजून ओढा विचारत खेड्यात पोचला होता. आजी-आजोबांना विचारा, कुठल्या वळणाला काय म्हणतात, गौरी कुठे बुडवतात. नकाशावर नसलेली नावं निघतील. दोन्ही भाषांची मुलं एका गटात टाकलीत तर निम्मं काम आपोआप होतं.

कणकुंबीकर
मलप्रभेवर हे सगळं जास्त चांगलं झालं असतं.

घाटावरचा
सेम कधी सुरू होतंय? ऑगस्टमध्ये असेल तर पोरं पाण्यात उतरवू नका. पुलावरून दोरीने बादली सोडा. राकसकोपला जायचं तर पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, आधी पत्र द्या, परवानगी घ्या. आणि पालकांच्या सह्या.

खडूडस्टर
सेम ऑगस्टमध्येच. बरं झालं बोललात, मी काठावर उतरवणार होतो.

सोमवारी वर्गात दोन बाटल्या ठेवतो, केमिस्ट्रीचे सर तयार झाले. नाल्याची बाटली कोण भरणार यावर अजून भांडण चालू आहे. गॅझेटिअर उतरवून घेतलं. वडगावला पुढच्या शनिवारी आठ-आठच्या गटात नेतो. भातवाले दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. पीपीटी कोणाकडेच नाही असं धरतो.

शापूरचा_भातवाला
या की. खरं शनवारी सकाळी लवकर या, दुपारी मी बाजारात असतो. पोरास्नी बूट घालून येऊ नका म्हना, चिखल हाय.

नवा_सभासद_बेळगाव
खूप उपयुक्त धागा. सिलॅबस मिळाला असेल तर मलाही पाठवा.