दगडी वाड्याला एवढ्या काचा? भार कशावर आहे?

लश्करकर_काका: मुलगी इंग्लंडात असते, तिने डर्बीशायरच्या हार्डविक हॉलचे फोटो पाठवलेत. १५९० ते १५९७ मध्ये बांधलेला सँडस्टोनचा वाडा म्हणे, पण भिंत शोधावी लागते, नुसत्या खिडक्याच! आणि त्या वर जाऊ तशा उंच होत जातात, हे तर उलटंच झालं ना. आमच्या ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या घराची भिंत दोन हात जाड आणि खिडकी एवढीशी. मग तिकडे वरचं वजन पेलतंय कोण? सिव्हिलवाले कोणी असाल तर सांगा.

चुनासुरखी: काका, भार बराचसा आतल्या भिंतींवर आहे. वाड्याच्या पोटातून जाड कण्याची भिंत घेतलीय आणि धुराडी बाहेरच्या भिंतीत न काढता बरीचशी तिच्यातच लपवलीत, त्यामुळे बाहेरची बाजू खिडक्यांना मोकळी मिळाली. डिझाइन रॉबर्ट स्मिथसनचं मानतात. बाकी त्या काळी काच भयंकर महाग, म्हणजे हा सरळ श्रीमंतीचा शो आहे, मालकीण बेस ऑफ हार्डविकने बुरुजांच्या माथ्यावर स्वतःची ई. एस. (एलिझाबेथ श्रूजबरी, तिचं खरं नाव) अक्षरंसुद्धा दगडात कोरून घेतलीत, लांबून दिसावीत म्हणून!

हजिरावाली: उंच खिडक्यांचं मी सांगते. पाहुण्यांचा मोठा दिवाणखाना आणि लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन, सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, म्हणून तिथलं छत सगळ्यात उंच, खालचे मजले कामाचे नि राहायचे. आपल्याकडे हा प्रकार चालायचाच नाही हो, मे महिन्यात ४५ डिग्रीत त्या काचांमागे बसून दाखवा! आपला दगडही सँडस्टोनच, पण आपण त्यात जाळ्या कोरल्या, सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्यात उभं राहून बघा, ऊन चाळून आत येतं. आणि राजा मानसिंह तोमरांच्या मान मंदिर राजवाड्यात तर जमिनीखाली दोन मजले काढलेत. बेसबाई ग्वाल्हेरला असत्या तर त्यांनीही तळघरच धरलं असतं.

लश्करकर_काका: वा, आता डोक्यात शिरलं. पण गंमत ऐका, मुलगी म्हणते आत अंधारच होता, पडदे ओढलेले. भिंतींवरच्या जुन्या टॅपेस्ट्रींचा (विणलेल्या चित्रांचा) रंग उडतो म्हणून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे लोक उजेड कमीच ठेवतात, १९५९ पासून वाडा त्यांच्याकडे आहे.

चुनासुरखी: म्हणजे एवढा काचेचा खर्च करून शेवटी पडदेच 😄