घरी बनवलेल्या बोर्ड गेमची चाचणी: चौघं चार गोष्टी सांगतात, त्यातलं घ्यायचं काय?

होडीवाला

खेळ २ ते ४ जणांचा आहे. पटावर ११ बंदरं, त्यांवर २ ते १२ आकडे. प्रत्येकाला ५ होड्या, मधे ४८ पत्त्यांचा गठ्ठा. आपल्या टर्नला दोन फासे टाकायचे. जे दान पडेल त्या बंदरात ज्यांच्या होड्या असतील त्यांना नाणी. मग एक पत्ता उचलायचा आणि नाणी मोजून होडी लावायची किंवा पत्ता खेळायचा. १० फेऱ्यांनंतर ज्याची नाणी जास्त तो जिंकला. ७ वर १ नाणं मिळतं, १२ वर ६, कारण ७ सहापट जास्त वेळा पडतो. हा हिशेब जुळवूनच ठेवलाय.

चौघांना बसवून ४ चाचण्या झाल्या. डाव ४५ मिनिटांत संपावा असं ठरवलं होतं, लागतात ८०. अभिप्राय असे: "नशिबाचा भाग फार आहे", "पत्ते वाढवा", "होड्या महाग आहेत", आणि घरच्यांचं "मस्त झालाय". यातलं काय ऐकायचं? खेळ संपल्यावर विचारायचं काय? आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा खेळ मी तपासणार आहे, तेव्हा उपयोगी पडेल असं कसं बोलायचं?

कागद_कात्री

"पत्ते वाढवा" हा उपाय झाला, तक्रार नाही. अशा वेळी लगेच विचारायचं: हे नक्की कुठल्या फेरीत वाटलं, तेव्हा हातात काय होतं? उत्तर बहुतेक असं येतं की "सहाव्या फेरीत हातात तीनही पत्ते सारखेच होते". म्हणजे अडचण वैविध्याची आहे किंवा पिसण्याची, पत्त्यांच्या संख्येची नाही. त्रास कुठे होतोय हे खेळणाऱ्याला बरोबर कळतं. उपाय मात्र तुम्ही शोधायचा, कारण बाकीचे नियम त्याच्या डोक्यात नसतात.

आता वेळेचं. चौघं, १० फेऱ्या, म्हणजे ४० टर्न. ८० मिनिटं भागिले ४० म्हणजे टर्नला २ मिनिटं, आणि प्रत्येकाला स्वतःच्या दोन टर्नच्या मधे ६ मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं. ही वेळ जाते कुठे ते तुमच्या वर्णनातच दिसतंय: पत्ता चाल करायच्या आधी उचलायचा आहे. माणूस नवा पत्ता वाचतो, बेत बदलतो, मग खेळतो, आणि बाकीचे तिघं बघत बसतात. पत्ता टर्नच्या शेवटी उचलायला लावा. विचार दुसऱ्यांच्या टर्नमधे होऊन जाईल. पुढच्या चाचणीत फक्त एवढाच बदल करा, होड्यांच्या किमतीला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते सांगता येत नाही.

चाचणी चालू असताना तुम्ही स्वतः खेळू नका. बाजूला बसा, कागदावर चार रकाने आखा: फेरी, घड्याळातली वेळ, काय घडलं, कोण काय म्हणालं. कोणी मोबाइल उचलला, कोणी "आता माझा टर्न का?" विचारलं, कोणी नियमाचा कागद पुन्हा उघडला, हे सगळं टिपा. शेवटी तोंडी मिळणाऱ्या मतांपेक्षा मला या नोंदी जास्त भरवशाच्या वाटतात.

सहा_छत्तीसांश

"नशीब फार" या तक्रारीबद्दल. धागाकर्त्यांचा हिशेब सरासरीपुरता बरोबर आहे. ४० दानांत ७ साधारण ६.७ वेळा पडतो, १२ साधारण १.१ वेळा, नाण्यांनी गुणलं तर दोन्हीकडे ६.७ नाणी. पण ४० दानांत १२ एकदाही न पडण्याची शक्यता ३२ टक्के आहे, म्हणजे जवळपास दर तीन डावांत एकदा. ७ एकदाही न पडण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. शिवाय १२ वरची होडी पाचव्या फेरीनंतर लावली, तर उरलेल्या २० दानांत ती कोरडी राहण्याची शक्यता ५७ टक्के होते.

तेव्हा ही तक्रार कोणी केली ते नोंदींत बघा. त्याच्या होड्या २, ३, ११, १२ वर असतील, तर फासे काढून टाकायची गरज नाही. ज्याला पूर्ण फेरीत एकही नाणं मिळालं नाही त्याला शेवटी १ नाणं द्यायचं, एवढ्याने त्याला पुढची होडी घेता येईल. "होड्या महाग" ही तक्रारही यातूनच आली असण्याची शक्यता आहे. नाणीच आली नाहीत तर कुठलीही किंमत महाग वाटते.

प्रत्येक डावात कोण कितव्या क्रमांकावर बसला आणि किती नाण्यांवर संपला हेही लिहून ठेवा. ४ डावांवरून पहिल्या बसणाऱ्याचा फायदा आहे की नाही ते ठरत नाही, पण वीसेक डाव साठले की कल दिसायला लागतो.

पट_मांडा

डाव संपल्यावर लगेच चर्चा सुरू करू नका. आधी दोन मिनिटं प्रत्येकाला गप्प बसून लिहू द्या. जो पहिला बोलतो त्याच्या मताकडे बाकीचे झुकतात. "आवडला का?" विचारलं की घरची माणसं हो म्हणणारच, त्यांना तुमचं मन राखायचं असतं. त्याऐवजी हे विचारा:

- कोण जिंकणार हे कितव्या फेरीत कळलं?
- काय करायची इच्छा होती पण करता आलं नाही?
- कुठला नियम दोनदा विचारावा लागला?
- खेळ न पाहिलेल्या माणसाला तो एका वाक्यात कसा सांगाल?

ऐकताना "हो, पण ते असं आहे कारण…" म्हणायचं नाही. एकदा समर्थन सुरू झालं की समोरचा आवरतं घेतो. पटलं नाही तरी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

आणि पत्ते इतक्यात छापून सजवू नका. कागदाच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, मागे जुना पत्ता आधाराला, मजकूर पेन्सिलीने, कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा. हा आकडा नसला की आधीच्या आवृत्तीचा पत्ता नव्या गठ्ठ्यात राहतो आणि अख्खी चाचणी फुकट जाते. शिवाय सुबक पत्त्याला नावं ठेवायला लोक कचरतात.

होडीवाला

पत्ता शेवटी उचलण्याचा बदल आधी करून बघतो, फेरीचं १ नाणं त्याच्या पुढच्या चाचणीत. दुसऱ्याच्या खेळावर कसं बोलायचं ते राहिलं. आणि मी समोर नसताना लोकांना फक्त नियम वाचून खेळायला कधी द्यायचं?

कागद_कात्री

प्रसंग सांगा, निकाल देऊ नका. "होड्या महाग आहेत" यापेक्षा "चौथ्या फेरीत माझ्याकडे ५ नाणी होती, सगळ्यात स्वस्त होडी ६ ची, म्हणून सलग दोन टर्न मला काहीच करता आलं नाही" हे बनवणाऱ्याच्या कामाचं आहे. आपण जिंकलो की हरलो आणि एरवी कसे खेळ खेळतो हेही सांगा, म्हणजे त्याला तुमच्या मताचं वजन ठरवता येतं. जे जमलंय तेही नेमकं सांगा, नाहीतर पुढच्या बदलात तेच उडवलं जातं. त्याच्या जागी तुमचा खेळ बनवायला मात्र जाऊ नका.

पट_मांडा

नुसत्या कागदावरची चाचणी नियम दोन-तीन डाव न बदलता टिकले की घ्या, आणि त्यासाठी खेळ आधी न पाहिलेली माणसं राखून ठेवा. आताच्या चौघांचा तिथे उपयोग नाही, त्यांना नियम पाठ आहेत. मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही खोलीत असलात तरी उत्तर देऊ नका. अडखळतात ते बहुतेक सुरुवातीच्या मांडणीत: पहिल्या होड्या कुठे, हातात किती पत्ते, फासे आधी कोण टाकणार. डाव पूर्ण अडला तरच बोला, आणि कुठल्या ओळीला बोलावं लागलं त्यावर खूण करा.

होडीवाला

पहिल्या होड्या कुठे लावायच्या हे माझ्या कागदात लिहिलेलंच नाही, तोंडीच सांगत होतो. आज ते लिहून काढतो.