मदत हवी आहे: लगोरीच्या गेममध्ये आवाज उशिरा येतो, ढोलकी वाजतच नाही

चिंचबोर
लगोरीचा गेम केलाय. चेंडू, सात फरश्या, सगळं नीट चालत होतं. आवाज घातला आणि बिघडलं. फरशी पडून गेल्यावर मग आवाज येतो. मागे ढोलकी लावलीय ती वाजतच नाही, नुसती घरघर. तीच फाईल एरवी व्यवस्थित वाजते. परवा कॉलेजात दाखवायचाय, कोणीतरी लवकर सांगा प्लीज.

खटपट्या
गेम बनवायच्या कुठल्या टूलमध्ये केलाय? युनिटी, गोडो, पायगेम, स्क्रॅच? फाईल कुठल्या प्रकारची? आवाजाच्या ओळी कुठे लिहिल्यात? एवढं सांगा आधी.

उंबरठा
गोडोवर या. आवाजाचा नोड टाकायचा, फाईल ओढून सोडायची, इम्पोर्टमध्ये लूपवर टिक करायची. मी पायगेममध्ये वर्ष घालवलं, परत ते करणार नाही.

खटपट्या
@उंबरठा, परवा दाखवायचाय म्हणतायत. दोन दिवसांत नवीन इंजिन कुठे शिकत बसणार?

काळा कोट
सिनेमाचं गाणं लावलं असेल तर जपून. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि चाल बांधणाऱ्याचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही वेगवेगळे मोजायचे.

चिंचबोर
गाणं नाहीये हो. ढोलकी भावाने वाजवली, फोनवर रेकॉर्ड केली. फरश्यांचा आवाजही खरा आहे, गच्चीवर शहाबादीचे तुकडे रचून पाडले. पायगेम आहे, सांगायचं राहिलं. दोन्ही फाईल एमपीथ्री. म्युझिकचं लोड आणि प्ले व्हाइल लूपमध्ये (गेम चालू असेपर्यंत परत परत फिरणाऱ्या ओळींत) आहे, स्क्रीन रंगवायच्या ओळीच्या वर.

मधली सुट्टी
घरघर तिथेच आहे. लूप सेकंदाला ६० वेळा फिरत असेल तर ढोलकी सेकंदाला ६० वेळा पहिल्यापासून सुरू होते. पहिली थापसुद्धा पुरी वाजत नाही. दोन्ही ओळी लूपच्या वर न्या, एकदाच चालू द्या. प्लेला -१ दिलं की ती फिरत राहील. फरशीचा आवाज मात्र मिक्सर.साउंडने घ्या, तोही लूपच्या बाहेर लोड करून. साउंड मेमरीत तयार बसतो, म्युझिक फाईलमधून थोडं थोडं वाचत जातं आणि एका वेळी एकच वाजतं.

आठवा सूर
उशिराचं कारण बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाजाचे नमुने साठवायची जागा. पायगेम.इनिटच्या आधी मिक्सर.प्री_इनिट(४४१००, -१६, २, ५१२) लिहा. माझ्या प्रत्येक गेममध्ये ही ओळ असते.

मधली सुट्टी
बफर ४०९६ होता तो जुन्या पायगेममध्ये. पायगेम २ मध्ये तो मुळातच ५१२ नमुन्यांचा आहे, म्हणजे सेकंदाला ४४१०० या वेगाने साधारण १२ मिलिसेकंद. एवढा उशीर कानाला कळत नाही. चिंचबोर, फोनवर रेकॉर्डचं बटण दाबल्यापासून फरशी पडेपर्यंत किती वेळ गेला? ती शांतता फाईलमध्ये तशीच असणार. आणि ऐकताय कशावर?

चिंचबोर
ब्लूटूथ हेडफोनवर. घरात आजी झोपलेली असते.

खटपट्या
मग तोही उशीर आहेच. वायरचा लावून बघा.

चिंचबोर
वायरचा लावला, बराच फरक पडला. ऑडॅसिटीत (आवाज कापायचा प्रोग्रॅम) फाईल उघडली तर सुरुवातीला जवळजवळ अर्धा सेकंद सपाट रेघ. ती कापून वेव्ह प्रकारची फाईल केली. आता फरशी टेकते त्याच क्षणी टण्ण वाजतं!! ढोलकीही चालू झाली. पण दर फेरीला किंचित थांबते, ठेका मोडतो.

आठवा सूर
एमपीथ्री असल्यामुळे. एमपीथ्री बनवणारा एन्कोडर पुढेमागे थोडी शांतता भरतो. ऑग प्रकारची फाईल करा.

उंबरठा
मी कायम एमपीथ्रीच वापरतो, कधी जाणवलं नाही.

आठवा सूर
पार्श्वसंगीत हळूहळू विरत असेल तर नाहीच जाणवणार. ठेक्यात लगेच जाणवतं. चिंचबोर, नुसतं नाव बदलून ऑग होत नाही, ऑडॅसिटीतून एक्सपोर्ट करा. मूळ रेकॉर्डिंगवरून करा आणि समेवर कापा. पहिली सम ते पुढच्या समेच्या अगदी आधीपर्यंत. भावालाच शेजारी बसवा, त्याला बरोबर कळेल.

काळा कोट
भावाची लेखी परवानगी घेऊन ठेवलेली बरी.

चिंचबोर
भावाने स्वतःच कापली. सलग वाजतेय, आता थांबवायलाच तयार नाही. फरश्यांचा आवाज ढोलकीत बुडतोय फक्त.

मधली सुट्टी
म्युझिकचा सेट_व्हॉल्यूम ०.३ करा. साउंड आहे तसा राहू द्या.