दाढांमधल्या कंपोझिटखाली पुन्हा कीड: जीआयसी घालून फरक पडतो का?

फोंडा_दंत: दोन दाढांच्या मधली कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) फिलिंग वरून ठणठणीत असतात, पण काही वर्षांनी बाइटविंगमध्ये (दाढांच्या एक्स-रेमध्ये) हिरडीकडच्या कडेखाली किडीची सावली दिसते. तिथे एनॅमल (दाताचं कठीण बाहेरचं कवच) नावालाच. खाली जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) घातलं तर त्यातलं फ्लोराइड जंतूंना किती काळ अडवतं? की ‘अँटिबॅक्टेरियल’ बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारा द्रव) घ्यावं?

डिचोलीकर: फ्लोराइडवर विसंबू नका, डॉक्टर. पहिल्या एक-दोन दिवसांत ते भरपूर सुटतं, नंतर जेमतेम पाझरतं. फ्लोराइड पेस्टमधून जीआयसी थोडं परत शोषतं, म्हणजे पेशंट ब्रश करत नसेल तर तेही नाही. जीआयसीचं खरं बळ दातातल्या कॅल्शियमशी जुळणाऱ्या रासायनिक बंधात आहे. मात्र या जागी साधं जीआयसी झिजून विरघळतं, आरएमजीआयसीच (रेझिन मिसळलेलं जीआयसी) वापरा. आधी दाताचा पृष्ठभाग साफ करायला 10 टक्के पॉलिअॅक्रिलिक अॅसिड 20 सेकंद, मग धुऊन हलकं सुकवा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पावडरची बाटली उघडी ठेवू नका, ओल धरते.

म्हापसा_कॉन्झर्व्हेटिव्ह: अँटिबॅक्टेरियल बाँडिंगमधला एमडीपीबी मोनोमर (रेझिनमधला जंतुनाशक घटक) लावताना उरलेले जंतू मारतो. लाइटने क्युअर (कडक) झाला की जागच्या जागी अडकतो. नंतर जे चिकटतील त्यांच्यावरच थोडाफार परिणाम, आणि लाळेचा पापुद्रा बसला की तोही मंदावतो. त्यावर पैसे घालण्याआधी खालची कड बघा.

कंपोझिट कडक होताना साधारण 2-3 टक्के आक्रसतं, म्हणून थर 2 मिमीचेच. खोल बॉक्समध्ये (दाढेच्या बाजूला कोरलेल्या खड्ड्यात) क्युअरिंग लाइटचं टोक तळापासून 6-7 मिमी दूर राहतं, तळाचा थर कच्चा राहतो आणि स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सची एस्टरेज एन्झाइम्स नेमकं तेच रेझिन तोडतात. तळाला 40 सेकंद द्या, मॅट्रिक्स (दाताभोवती लावलेली पातळ पट्टी) काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूने पुन्हा. डेंटीनवर (एनॅमलखालच्या भागावर) एच (बाँडिंगआधी लावायचं अॅसिड) 15 सेकंदांच्या वर नको. रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) नसेल आणि हिरडीतून रक्त येत असेल, तर त्या दिवशी कंपोझिट करूच नये.

फिलिंगचा खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचतो. वरचा भाग पॉलिशिंग डिस्कने गुळगुळीत होतो, पण फटीत डिस्क पोचत नाही; तिथला गुळगुळीतपणा मॅट्रिक्स बँडच देतो, म्हणून चरे पडलेला बँड फेकून द्या. शेवटी फ्लॉस फिरवा. धागा विसकटला तर कड बाहेर आलेली आहे, स्ट्रिपने (खरखरीत पट्टीने) घासा.

फोंडा_दंत: आरएमजीआयसी किती उंच आणू?

डिचोलीकर: 1 ते 2 मिमी. कॉन्टॅक्टच्या (शेजारच्या दाताला टेकणाऱ्या जागेच्या) खाली थांबा. कॉन्टॅक्ट कंपोझिटमध्येच हवा, नाहीतर तो झिजून अन्न अडकायला लागतं.